शौर्यपदकाचा प्रस्ताव कसा तयार करावा: घटनेच्या रात्रीपासून अलंकरण समारंभापर्यंत

प्रजासत्ताक दिन किंवा स्वातंत्र्य दिनाच्या आदल्या दिवशी पदकांची यादी जाहीर झाली की पोलीस वसाहतीत, फायर स्टेशनात, कारागृहाच्या गेटवर फोन वाजायला लागतात. कुणाचं नाव आलं, कुणाचं राहिलं. मी पोलीस आस्थापना शाखेत बरीच वर्षं काढली. माझ्या टेबलावरून गेलेल्या प्रस्तावांतले काही यादीत पोहोचले, काही त्रुटी लागून परत आले. परत आलेल्यांपैकी बहुतेकांमध्ये माणसाच्या धाडसात काहीच कमी नव्हतं, कमी होती ती कागदात. ज्याने रात्री अडीच वाजता जीव धोक्यात घातला, त्याचं पदक आपल्या आळसामुळे हुकावं, याचा सल आजही आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. घटक प्रमुखांच्या (म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक किंवा शहराचे पोलीस आयुक्त यांच्या) कार्यालयातल्या लिपिकासाठी, पोलीस ठाण्याच्या प्रभारींसाठी, अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्यासाठी, आणि आपल्या माणसाच्या प्रस्तावाचं काय झालं हे विचारायला कचरणाऱ्या कुटुंबासाठीसुद्धा.

आधी कुठलं पदक ते ठरवा

चुकीच्या पदकासाठी पाठवलेला प्रस्ताव कितीही चांगला लिहिला तरी वाया जातो. पूर्वी पोलीस, अग्निशमन, होमगार्ड व नागरी संरक्षण आणि कारागृह सेवा यांची मिळून १६ वेगवेगळी पदकं होती. ती एकत्र करून आता चार केली आहेत आणि २०२४ च्या प्रजासत्ताक दिनापासून तीच दिली जातात: राष्ट्रपती शौर्य पदक, शौर्य पदक, विशिष्ट सेवेसाठी राष्ट्रपती पदक आणि गुणवत्तापूर्ण सेवेसाठी पदक. त्यामुळे फायरमन, तुरुंग रक्षक आणि पोलीस शिपाई आता एकाच नावाच्या पदकाला पात्र आहेत. जुने नमुने वापरणाऱ्या कार्यालयांनी आधी हे बदलून घ्यावं. जुन्या नावाने गेलेला प्रस्ताव पहिल्याच टेबलावर अडतो.

त्या पहिल्या यादीतले आकडे पाहिले की कुठल्या पदकाची वाट किती अरुंद आहे ते कळतं. एकूण १,१३२ जणांपैकी राष्ट्रपती शौर्य पदक फक्त २ जणांना, शौर्य पदक २७५ जणांना, विशिष्ट सेवेचं १०२ जणांना आणि गुणवत्तापूर्ण सेवेचं ७५३ जणांना. त्याच वर्षीच्या स्वातंत्र्य दिनाच्या यादीत १,०३७ नावं होती आणि राष्ट्रपती शौर्य पदक एकच होतं. ते तेलंगणाचे हेड कॉन्स्टेबल चदुवू यादय्या यांना मिळालं. २५ जुलै २०२२ रोजी त्यांनी सराईत गुन्हेगारांना पकडलं तेव्हा छातीत, पाठीत, हातावर, पोटात चाकूचे वार झाले. तरी त्यांनी पकड सोडली नाही. पुढे १७ दिवस ते रुग्णालयात होते.

शौर्यासाठीची व्याख्या तोंडपाठ हवी. जीवित व मालमत्तेचं रक्षण करताना, गुन्हा रोखताना किंवा गुन्हेगाराला अटक करताना दाखवलेलं ठळक शौर्य; राष्ट्रपती शौर्य पदकासाठी ते ‘दुर्मीळ’ कोटीतलं असावं लागतं. आणि पुढचा तुकडा सगळ्यांत महत्त्वाचा आहे: पत्करलेली जोखीम मोजताना त्या अधिकाऱ्याची कर्तव्यं आणि जबाबदाऱ्या विचारात घेतल्या जातात. म्हणजे फायरमन आगीत गेला, एवढ्यावर काहीच होत नाही. आगीत जाणं हे त्याचं कामच आहे. तो कुठल्या आगीत गेला, काय माहीत असताना गेला आणि थांबला असता तर कुणी बोट ठेवलं असतं का, हे दाखवावं लागतं. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका अटीभोवती फिरतं.

चार पदकांपलीकडेही वाटा आहेत. अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही १९५२ साली सुरू झालेली पदकं फक्त लष्करासाठी आहेत असा समज खात्यातही आढळतो. तो चुकीचा आहे. पोलीस आणि सामान्य नागरिकही त्यांना पात्र आहेत. २६/११ नंतर हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि तुकाराम ओंबळे यांना २००९ मध्ये मरणोत्तर अशोक चक्र मिळालं, ते याच वाटेने.

जीवन रक्षा पदक ही वाट तर सर्रास चुकते. सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा पदक अशा तीन पायऱ्या. बुडणाऱ्याला, आगीत किंवा दरडीखाली अडकलेल्याला वाचवणाऱ्या कुणालाही ते मिळू शकतं. पण पोलीस आणि अग्निशमन दलाच्या माणसाला ते कर्तव्याबाहेर केलेल्या कृत्यासाठीच मिळतं. रजेवर गावी गेलेला शिपाई पुराच्या पाण्यात उडी मारून मुलाला काढतो, तर जीवन रक्षा. तोच शिपाई बंदोबस्तावर असताना उडी मारतो, तर शौर्य पदकाचा विचार करा. ड्युटीवरची घटना जीवन रक्षासाठी पाठवून दोन्ही संधी घालवल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे त्या दिवशीचा रजेचा अर्ज किंवा हजेरीपट यांची प्रत पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

तपास, गुप्तवार्ता, न्यायवैद्यक किंवा विशेष मोहिमेतली कामगिरी असेल तर केंद्रीय गृहमंत्री दक्षता पदक आहे. ते सरदार पटेलांच्या जयंतीला, ३१ ऑक्टोबरला जाहीर होतं. आणि आपल्याकडे महाराष्ट्र दिनाच्या सुमारास जाहीर होणारं पोलीस महासंचालकांचं सन्मानचिन्ह आहेच. त्याला हलकं लेखू नका. अंमलदाराच्या छातीवर पहिलं येतं ते बहुधा हेच, आणि पुढे सेवा पदकाच्या प्रस्तावात त्याची नोंद उपयोगी पडते.

पहिले दोन दिवस

प्रस्ताव लिहायला वेळ असतो. पुरावा गोळा करायला नसतो. पहिल्या ४८ तासांत जे कागदावर आलं नाही ते पुढे कधीच पक्कं येत नाही.

स्टेशन डायरीतली नोंद आधी पाहा. निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, सोबत कोण होतं, कुणाकडे कोणतं शस्त्र होतं. अग्निशमन केंद्रात वर्दीची, म्हणजे आलेल्या खबरीची, नोंदवही आणि गाडीचं लॉगबुक यांच्या वेळा जुळतात का ते पाहा. नियंत्रण कक्षात कॉल कधी आला याची नोंद मागवून घ्या. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. दुकानदाराकडे त्याच दिवशी माणूस पाठवा.

इजा प्रमाणपत्रात बहुतेकांची गाडी अडते. जखमी अंमलदार घाईत जवळच्या खाजगी दवाखान्यात पट्टी बांधून घेतो आणि घरी जातो. नंतर प्रमाणपत्र मागायला गेलं की तारीख दुसऱ्या दिवसाची, कारणाच्या जागी नुसतं ‘जखम’. माझ्या हातून गेलेल्या एका प्रस्तावात फिर्यादीत कोयत्याचा वार डाव्या हातावर होता आणि प्रमाणपत्रात उजव्या. लिहिणाऱ्याची साधी चूक. पण वर बसलेल्या माणसाला ती साधी वाटेलच असं नाही; त्याच्या दृष्टीने दोन सरकारी कागद एकमेकांशी भांडत असतात. तो प्रस्ताव दुरुस्त होऊन आला तेव्हा त्या वर्षाची मुदत संपली होती. म्हणून जखमीला शक्यतो शासकीय रुग्णालयात न्या, इजेचं कारण, जागा आणि वेळ प्रमाणपत्रात नीट येते आहे याची जागेवर खात्री करा, आणि फिर्याद, पंचनामा व प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवून वाचा.

वाचवलेल्या माणसाचा जबाब हा दुसरा दुर्लक्षित कागद. खात्यातल्या चार सहकाऱ्यांच्या जबाबापेक्षा बाहेरच्या एका बाईने सांगितलेल्या दोन ओळी जास्त बोलतात. त्या तिच्याच शब्दांत घ्या.

माणसाला बोलतं करा

हा टप्पा कुठल्याच नमुन्यात नसतो. तरी जीव ओतावा तो इथेच.

शूर माणसं स्वतःबद्दल फार कमी बोलतात. ‘काय झालं सांगा’ म्हटलं की ‘काही नाही साहेब, आग लागली होती, पोरं काढली’ एवढ्यात संपतं. एका पोलीस शिपायाने जळत्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून दोन मुलांना काढलं होतं. ठाण्याकडून आलेल्या अहवालात ‘जीवाची पर्वा न करता’ याखेरीज काही नव्हतं. मी त्याला बोलावून घेतलं, चहा मागवला आणि पायरी पायरीने विचारत गेलो. दारातून आत शिरल्यावर डावीकडे काय होतं? जिना लाकडी की सिमेंटचा? हात कुठे धरला? तेव्हा तो म्हणाला, “वळणावर कठडा धरला तर चटका बसला, धुराने दिसेना, म्हणून खाली आलो. रुमाल भिजवला. परत गेलो.”

‘परत गेलो.’ अख्खा प्रस्ताव त्या दोन शब्दांत होता. पहिल्यांदा वर जाणारा माणूस कदाचित नकळत गेला असेल. दुसऱ्यांदा जाणाऱ्याला कठडा किती तापलाय हे तळहाताच्या फोडावरून ठाऊक होतं. आणि अहवालात मात्र तो खाली आल्याचा उल्लेखच नव्हता, कारण ‘मागे फिरला’ असं दिसेल अशी ठाण्यात कुणाला तरी भीती वाटली होती!

विचारताना तीन गोष्टी शोधा. धोका काय होता आणि तो त्याला कधी कळला. त्या क्षणी त्याच्यापुढे दुसरा पर्याय कोणता होता, जसं कुमक येईपर्यंत थांबणं, लांबून गोळी झाडणं, दार बंद करणं. आणि त्याने जे केलं त्याने नेमका काय फरक पडला. तुकाराम ओंबळे यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत हातात लाठी, समोर एके-४७. त्यांनी बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड ढिली केली नाही. त्यामुळे सहकाऱ्यांना कसाबला जिवंत पकडता आलं. धोका डोळ्यांपुढे होता, निवड क्षणात झाली, आणि परिणाम सगळ्या देशाने पाहिला. यात एकही विशेषण लागत नाही.

प्रशस्तीचा मजकूर लिहिताना

आपल्याकडे साधारण असा मजकूर येतो:

‘आगीची माहिती मिळताच सदर अंमलदार यांनी तात्काळ घटनास्थळी धाव घेऊन स्वतःच्या जीवाची पर्वा न करता अतुलनीय शौर्य व धाडस दाखवून दोन बालकांचे प्राण वाचविले. त्यांची कामगिरी खात्याची मान उंचावणारी आहे.’

हाच मजकूर कुणाच्याही नावाखाली चालेल, म्हणून तो कुणाच्याच उपयोगाचा नाही. त्याच शिपायाचा प्रस्ताव आम्ही असा लिहिला:

‘रात्री २.३५ वाजता ते इमारतीपाशी पोहोचले. तळमजल्यावरील दुकानातील आग जिन्यापर्यंत आली होती व अग्निशमन दलाची गाडी पोहोचायची होती. दुसऱ्या मजल्यावर दोन मुले अडकल्याचे रहिवाशांनी सांगितले. ते जिन्याने वर गेले. पहिल्या वळणावर तापलेल्या कठड्यामुळे उजवा तळहात भाजला व धुरामुळे पुढे जाता न आल्याने ते खाली आले. ओला रुमाल तोंडावर बांधून ते त्याच जिन्याने पुन्हा वर गेले. दोन्ही मुलांना घेऊन ते खाली उतरल्यानंतर काही मिनिटांत जिन्याचा वरचा भाग कोसळला.’

‘शौर्य’ हा शब्द यात कुठेच नाही. वाचणारा तो स्वतः म्हणतो.

मजकूर झाला की प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलने सहपत्राचा, म्हणजे सोबत जोडलेल्या कागदाचा, क्रमांक लिहा. २.३५ कशावरून? नियंत्रण कक्षाची नोंद. तळहात भाजला कशावरून? इजा प्रमाणपत्र. जिना कोसळला कशावरून? पंचनामा आणि फोटो. ज्या वाक्यासमोर क्रमांक येत नाही ते वाक्य काढा, कितीही सुंदर असलं तरी. केंद्राकडे जाणाऱ्या प्रस्तावाचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत करावा लागतो, तेव्हा भाषांतर घटनेची माहिती असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. ‘कठडा’ हा शब्द चुकला की सगळं चित्र बिघडतं.

पथकाची कामगिरी असेल तर

गडचिरोलीत सी-६० या नक्षलविरोधी पोलीस पथकाच्या जवानांची चकमक असो की शहरातला सशस्त्र दरोडेखोरांचा पाठलाग, प्रस्तावात दहा-बारा नावं येतात आणि सगळ्यांपुढे एकच परिच्छेद डकवलेला असतो. हे करू नका. प्रत्येकाची भूमिका वेगळी लिहा: पुढे कोण होतं, कव्हर फायर कुणी दिला, जखमी साथीदाराला कुणी ओढून आणलं. हाताने काढलेला नकाशा जोडा, त्यात प्रत्येकाची जागा आणि अंतर दाखवा. कुणी किती राउंड झाडले याचा हिशेब शस्त्रागाराच्या नोंदीशी जुळला पाहिजे. ज्याची भूमिका दोन ओळींतही सांगता येत नाही त्याचं नाव संकोचापोटी घालू नका. त्या एका नावामुळे पुढे लढलेल्या चौघांवर शंका येते. वरिष्ठांचं नाव घालायचा आग्रह झाला तर हाच नकाशा समोर ठेवा. तो सगळ्यांना सारखाच वागवतो.

चकमकीत मृत्यू झाला असेल तर घाई अजिबात नको. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांतलं एक थेट आपल्या विषयाचं आहे: अशा घटनेनंतर लगेच आउट-ऑफ-टर्न बढती किंवा तत्काळ शौर्य पुरस्कार देऊ नये, आणि संबंधितांचं शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच शिफारस करावी. म्हणून दंडाधिकारीय चौकशीचा निष्कर्ष हाती आल्याशिवाय प्रस्ताव वर पाठवू नका. मला ही अट योग्य वाटते. खऱ्या लढवय्याला चौकशीचं भय नसतं, आणि चौकशीतून तावून सुलाखून आलेल्या पदकाकडे उद्या कुणी बोट दाखवू शकत नाही.

सेवा पदकाची तयारी वेगळी

विशिष्ट आणि गुणवत्तापूर्ण सेवेच्या पदकांना एक घटना पुरत नाही. सगळं सेवापुस्तक उघडं पडतं. किती वर्षांची सेवा लागते, दोन पदकांमध्ये किती अंतर हवं, गोपनीय अहवालांची प्रतवारी काय हवी, हे त्या वर्षाच्या परिपत्रकातून वाचा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. बक्षिसांच्या नोंदी सेवापटात चढलेल्या नसणं हे नेहमीचं दुखणं. अंमलदाराने घरी पिशवीत जपून ठेवलेली प्रशंसापत्रं आणि सेवापटातली संख्या यांचा मेळ बसत नाही, मग बदलीच्या जुन्या घटकाकडे पत्रव्यवहार सुरू होतो. हे काम प्रस्तावाच्या वर्षी काढू नका, त्याच्या दोन वर्षं आधी काढा.

विभागीय चौकशी प्रलंबित असेल किंवा फौजदारी प्रकरण चालू असेल तर ते लपवू नका. सचोटीचा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याची सही त्या कागदावर असते. पुढे उघडकीस आलं की दोघंही अडचणीत येतात.

प्रस्ताव पुढे सरकताना

पोलिसांचा प्रस्ताव घटक प्रमुखांकडून परिक्षेत्र, पोलीस महासंचालक कार्यालय, राज्याचा गृह विभाग आणि तिथून केंद्रीय गृह मंत्रालय असा जातो. अग्निशमन दलाचा महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयामार्फत, कारागृहाचा कारागृह मुख्यालयामार्फत. प्रत्येक टप्प्यावर जावक क्रमांक टिपून ठेवा. मुदत केंद्राची असते, पण तुमच्यासाठी खरी मुदत महासंचालक कार्यालयाने दिलेली असते, आणि ती बरीच आधीची असते. त्रुटीचं पत्र आलं तर त्याच दिवशी उत्तराला लागा. फाइल कुठे आहे हे दर पंधरा दिवसांनी विचारणं यात कमीपणा नाही. जीवन रक्षा पदकासाठी राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलचा उपयोग होतो. तिथे अर्धवट भरून सेव्ह केलेला आणि सादर न केलेला अर्ज कुणालाही दिसत नाही, एवढं लक्षात असू द्या.

माणूस गेला असेल तर

मरणोत्तर प्रस्तावात लिहिणाऱ्याचा हात जड होतो, आणि त्याच वेळी शोकाच्या भरात विशेषणं वाढतात. इथे जास्तच काटेकोर राहा. शवविच्छेदन अहवाल, सोबतच्यांचे जबाब, घटनास्थळाचा नकाशा एकदा तरी स्वतः वाचा. घरच्यांकडे कागद मागायला शिपायाला एकट्याला पाठवू नका; अधिकाऱ्याने स्वतः जावं. जे लागणार ते सगळं एकाच भेटीत मागावं. वारसाचं नाव, बँक खातं, नावाचं स्पेलिंग तिथेच तपासावं. पतीच्या मृत्यूचा दाखला तिसऱ्यांदा मागायला गेलो तेव्हा त्या माउलीने काही न बोलता पिशवी पुढे सरकवली होती. तिच्यावर ती वेळ आमच्या कार्यालयाच्या निष्काळजीपणाने आली.

जाहीर झाल्यावर

टीव्हीवर नाव आलं म्हणून थांबू नका. राजपत्रातल्या अधिसूचनेची प्रत मिळवा आणि नाव, पद, बक्कल नंबर (बिल्ल्यावरचा क्रमांक) जुळतात का पाहा. चूक असेल तर शुद्धिपत्रक तेव्हाच मागा. पदक प्रत्यक्ष हाती मिळतं ते नंतर. आपल्याकडे राज्यपालांच्या हस्ते पोलीस अलंकरण समारंभ होतो. समारंभाची वाट न पाहता सेवापुस्तकात नोंद घ्या.

शौर्य पदकासोबत मासिक भत्ता असतो, तो निवृत्तीनंतरही चालू राहतो आणि पदकधारकाच्या मृत्यूनंतर पत्नीला मिळतो. तो आपोआप सुरू होतो असं समजू नका. बिल कार्यालयाला अधिसूचनेसह पत्र द्या, आणि निवृत्तीच्या वेळी निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात त्याचा उल्लेख आहे का ते तपासा. त्याच माणसाला पुन्हा तेच शौर्य पदक मिळालं तर नवं पदक न देता आधीच्या पदकावर बार, म्हणजे आडवी पट्टी, लावतात. गंभीर गैरवर्तनासाठी पदक काढूनही घेता येतं, हेही पदकधारकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

शेवटी संपूर्ण प्रस्तावाची एक स्वच्छ झेरॉक्स काढा, जबाब आणि नकाशासह, आणि ती त्या अंमलदाराच्या घरी द्या. त्या शिपायाच्या घरी मी ती दिली तेव्हा त्याच्या मुलीने पहिल्यांदा वाचलं की बाबा त्या जिन्यावरून दोनदा वर गेले होते.